घट

विट्याच्या एसटी स्टँडासमोर चहा घेतो तेव्हा
कप अर्धाच भरायला सांगतो. बारा वर्षं झाली.
मालकाला माहीत आहे. पैसे पूर्ण घेतो.

लोकांना वाटतं, पितो.
लग्नात वाढायला उठलो की कुणीतरी
पळी हातातून हळूच काढून घेतं,
"बसा दाजी, तुम्ही बसा."

एकतीस वर्षं सेलमला गलाई केली.
मूस, टाकणखार, भात्याचा फुफाटा,
तेजाबाच्या वाफेनं पिवळे पडलेले दात.
वितळलेलं सोनं साच्यात ओतताना
धार केसाएवढी, आणि हात
विहिरीच्या तळातल्या पाण्यासारखा.
त्याच हाताला आता
शर्टाच्या बटणाचं काजं सापडत नाही.

सांगलीला डॉक्टर मगदूम म्हणाले,
पार्किन्सन नव्हे हा, निराळा.
वडील थरथरायचे का?
थरथरायचे.
आम्ही त्याला अंगात येणं म्हणायचो,
अमावस्येला नारळ फोडायचो.

गोळ्यांनी नाडी मंद झाली, हात नाही.
मग ते आवाजाचं बोलले.
कानाला न ऐकू येणारा आवाज
हजार बाजूंनी कवटीतून आत सोडायचा,
सगळ्यांनी एकाच ठिपक्यावर भेटायचं
आणि मसुराएवढी जागा भाजून टाकायची.
चिरा नाही, टाका नाही.
"किती तापतं?"
"छप्पन्न, सत्तावन्न."
मला हसूच आलं. सोन्याला हजार चौसष्ट लागतात.
एवढ्यावर आमच्यात चहाला उकळी येत नाही.

मग गिऱ्हाईक मला जे विचारायचं
ते मी विचारलं:
घट किती?

कारण घट येतेच.
शंभर ग्रॅम मुशीत टाकले की शंभर निघत नाहीत.
निघतात म्हणेल तो चोर.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.
ओठ बधिर होईल, बोटांची टोकंही.
चाल लटपटेल, काही आठवडे, कुणाची काही महिने,
थोड्यांची कायमची.
जीभ जड होऊ शकते.
सध्या एकच हात करायचा, उजवा.
काही वर्षांनी थरथर परत येईलही,
भाजलेली जागा मात्र परत येणार नाही.

विमल म्हणाली, ऱ्हाऊ द्या की, मी भरवीन.
त्या वाक्यानंच माझं ठरलं.

पुण्याला डोकं तासलं,
चार स्क्रूंनी कवटी चौकटीत आवळली,
भोवती गार पाणी फिरत राहिलं.
जागाच होतो. मधे मधे पाटी पुढं करायचे:
"काका, गोल काढा."
पहिला रेवणसिद्धाच्या घाटासारखा आला.
पाचव्या वेळी डोक्यात ऊन शिरलं,
जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यागत झालं,
ओकारी आवरली, गोल काढला.
गोल निघाला.
काचेपलीकडं कुणीतरी टाळी वाजवली,
मला ती ऐकू आली नाही.

बँकेत ठेव मोडायला गेलो तर सही जुळेना.
बागवान मॅडम म्हणाल्या, काका, ही तुमची नव्हे,
तुमची अशी असते,
आणि त्यांनी हवेत हात थरथरवून दाखवला.
मग लाजून खाली घेतला.
नव्या सहीचा फॉर्म दोन पानांचा आहे.
तो मी स्वतः भरला.

भिंत धरून चालतो. डावा हात तसाच,
पिशवीत ठेवला तर पिशवी वाजते.

काल स्टँडावर म्हटलं, पूर्ण भर.
त्यानं काठोकाठ भरला. पैसे तेवढेच.
कप तोंडापर्यंत आला, एक थेंब हलला नाही.
ओठाला मात्र समजलं नाही चहा कुठं आला ते.
उजव्या कडेनं ओघळ
सदऱ्यावर.

विमलनं डाग बघितला. साबण लावला. बोलली नाही.
चाळीस दिवस झालेत.
काटा अजून ठरलेला नाही.